शिरूरच्या कडीला टांगलेल्या पिशव्या

चांगुणे, काल तुझ्या पुण्यानुमोदनाला मी गप्प बसले. हे सगळ्यात आधी लिहून ठेवते, नाहीतर तुला खरं वाटायचं नाही.

वंदना झाली, फुलं वाहून झाली, मग एकेक जण उठून तुझ्याविषयी बोलला. तुझ्या भाच्यानं तुला 'शांत स्वभावाची आत्या' करून टाकलं. मी पदर तोंडाला लावला, बायकांना वाटलं रडतेय. मग तुझी विमल उठली. थेट कारेगावहून आलेली, डोळे सुजलेले, पण आवाज खणखणीत. तुझाच.

"आई अख्ख्या दौंडाच्या पिशव्या शिवायची," ती म्हणाली. "पण मी लहान असताना शिरूरला आजीपाशी होते, त्या दोन वर्षांत तिनं मला एक पिशवी शिवून पाठवली नाही. भेटायलाही आली नाही. आजी मात्र दर बाजाराला माझ्यासाठी नवी पिशवी आणायची, आत खाऊ घालून. असू दे. मी आईला कधीचंच माफ केलंय."

माफ केलंय! मला खुर्चीत बसवेना. शेजारची म्हणाली, बेबीताई, पाणी देऊ का? मी म्हटलं, पाणी नको, मला धरून ठेव.

तर उद्या विमल माझ्याकडं येणार आहे. मीच बोलावलंय. बोलावलंय खरं, पण तुला दिलेला शब्द आडवा येतो. सकाळपासून दोनदा चहा उकळून ओतला, एकदा नुसतंच पाणी उकळलं. म्हणून हे लिहायला बसले. तुझ्याशी भांडण मिटवल्याशिवाय मला तिच्यापुढं बसता यायचं नाही.

तू दौंडला भावाकडं आलीस ते दुष्काळाच्या पुढच्या वर्षी. नवरा विहिरीच्या कामावर दरड पडून गेलेला, सासूनं पोरगी ठेवून घेतलेली. "माझ्या लेकाचं एवढंच राह्यलंय माझ्याकडं," म्हातारी म्हणाली आणि विमलला पदराखाली घेऊन आत गेली. सासऱ्यानं तुला येष्टीत बसवून दिलं. तुझा भाऊ आणि आमचे हे, दोघं इंजिनाच्या शेडमध्ये, आपल्या खोल्या भिंतीला भिंत लागून. तू रात्री कूस बदललीस तरी मला कळायचं.

आणि मी कोण होते तेव्हा? न्हावऱ्याच्या माहेरानं दिलेलं पायमशीन होतं माझ्याकडं, त्यावर विणलेला रुमाल, आणि दारावर खडूनं लिहिलेलं 'लेडीज टेलर'. शिवणक्लासला थोडे दिवस गेले होते, तेवढ्यात मला वाटायला लागलं होतं की पुण्याच्या बायका माझी वाट बघत असतील. पहिलाच ब्लाउज शिवला तो गार्डसाहेबांच्या बायकोचा. ती तो घालून आली आणि दारातच उभी राहिली. म्हणाली, "बेबे, शिवलायस छान. आता माझा हात वर करून दाखव." हात काही वर झाला नाही. त्यानंतर गिऱ्हाईक बंद.

म्हणून आपण पिशव्यांवर आलो. जुन्या खाकी विजारी, गादीचं पट्ट्यापट्ट्यांचं कापड, मांजरपाटाचे तुकडे. मशीन माझं, डोकं तुझं. शिरूरच्या बाजाराला घेऊन जायचो. बायका पिशवी हातात घ्यायच्या, उलटी-पालटी करायच्या आणि म्हणायच्या, "तोंडाला कायतरी लावा की गं. येष्टीत वांगी गडगडत जात्यात डायवरापतुर." तेव्हापासून तू पिशवीच्या तोंडाला काहीबाही लावायला लागलीस. नाडी, बंद, बटण, झाप. मी म्हणायचे चेन लावू. तू म्हणायचीस, "चेन लावून पिशवी काय लगीन लावायला न्यायचीय?"

पहिल्या बाजाराला पिशव्या विकून झाल्यावर तू म्हणालीस, चल. नदीकडच्या आळीत तुझ्या सासरच्या दारात आपण उभ्या राहिलो. भर दुपार. म्हातारी उंबऱ्यात आडवी उभी राहिली.

"पोरगी झोपलीय," म्हणाली.

आतून विमलचं गाणं ऐकू येत होतं. मोठ्यानं, बेसूर. तू ऐकलंस, मी ऐकलं, म्हातारीनं पण ऐकलं. दार लागलं. मी म्हटलं, थांब, मी वाजवते, बघते कशी उघडत नाही ती. तू माझा हात धरलास. "वाजवू नगं. आज लावलंय. तू वाजवलंस तर कायमचं लागंल."

तुझ्याकडं एक लहानगी पिशवी होती, विमलसाठीच शिवलेली. आत फुटाणे आणि गूळ. तोंडाला लाल रिबिनीची सुरगाठ. ती तू दाराच्या कडीला अडकवलीस. आपण कोपऱ्यापर्यंत गेलो असू नसू, तेवढ्यात दार किलकिलं झालं आणि पिशवी आत गेली. मग विमलचा आवाज, "आजी, बाजार आणला?" आणि म्हातारीचा, "व्हय, आणला."

माझा संताप संताप झाला. तुझ्या तोंडाकडं बघितलं, तर तू ऐकत उभी. रेडिओ ऐकावा तशी.

पुढच्या बाजाराला ती पिशवी कडीलाच टांगलेली. मी म्हटलं, बघ, परत केली, घेतली नाही. तू काढून हातात घेतलीस, तर आत मूठभर भुईमुगाच्या शेंगा. आपल्याकडं कुणाची पिशवी रिकामी परत करत नाहीत. म्हातारीनं सुनेला दारात घेतलं नाही, पण रीत काही मोडली नाही. मला हसावं का चिडावं कळेना. तू मात्र शेंगांकडं बघतच नव्हतीस. रिबीन बघत होतीस.

"ही म्हातारीची गाठ न्हाई," तू म्हणालीस. "ती निरगाठ मारती, दातानं सोडाय लागती. ही बघ. एक पाकळी मोठी, एक बारकी. ही माझ्या विमीनं मारलीया."

तिथून तुला छंदच लागला. तसं म्हणायला छंद. खरं तर तू तेवढ्यावर जगत होतीस. दर बाजाराला एक नवी पिशवी टांगायची, जुनी काढून आणायची. आणि दर पिशवीचं तोंड मागच्यापेक्षा थोडं अवघड. रिबिनीनंतर फास आणि कोटाचं मोठं बटण. मग लहान बटण आणि काज. मी म्हटलं, आता टिचबटण लाव. तू म्हणालीस, "अजून न्हाई. दाबाय बोटात बळ लागतं."

"तुला काय माहीत तिच्या बोटात किती बळ आहे?"

"तेच तर बघायचंय."

मग तू आपल्या लायनीतली विमलच्या वयाची पोरं गोळा केलीस. आठवतंय? ओट्यावर ओळीनं बसवलीस आणि एकेकाच्या हातात टिचबटणाची पिशवी. "ये रं, उघडून दाव. तू गं, उघाड." आत फुटाणे घातलेले, म्हणजे पोरांनी मन लावावं. पोरांनी असं मन लावलं की दुसऱ्या दिवशी बटण उघडता येत असलेली पोरंसुद्धा "मावशी, आमाला अजून येत न्हाई" म्हणत दारात हजर. फुटाणे संपले. तुझा भाऊ ओरडला. पण तुला कळलं, की या वयाच्या पोरीला टिचबटण उघडतं, लावताना मात्र दोन्ही अंगठे लागतात. पिशवी टांगलीस. पुढच्या बाजाराला ती परत आली, आत चार-दोन बोरं, आणि टिचबटण नीट लागलेलं. येष्टीत तू ते उघडायचीस आणि लावायचीस, उघडायचीस आणि लावायचीस. न्हावरं येईपर्यंत. शेजारचा माणूस म्हणाला, "बाई, तेवढं टिकटिक बंद करा, डोकं उठलं." तू म्हणालीस, "दादा, माझी पोरगी बोलतीया." तो बिचारा उठून मागं जाऊन बसला.

आता चेनचं सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय तू मला सोडायची नाहीस. आयुष्यभर नाही सोडलंस.

यांनी पुण्याहून एक चेन आणून दिली. पितळी दातांची, चमचम करणारी. मी हट्ट धरला, विमलची या वेळची पिशवी मी शिवणार. तू नको नको म्हणालीस. मी ऐकणार थोडीच, मी तर 'लेडीज टेलर'. कापड उलटं ठेवून चेन लावली, ओढून बघितली, उघडली, लावली, किती छान चालते म्हणून परत उघडली, परत लावली. आणि तशीच लावलेली ठेवून तिन्ही बाजूंनी दुहेरी टीप मारली. घाई होती, पिशवी उलटीच घडी करून घेतली आणि येष्टी पकडली.

पाटसच्या अलीकडं तू म्हणालीस, बघू. मी ऐटीत काढली. सरळ करायला गेले, तर सरळ होईना. होणार कशी? पिशवी सरळ करायची तोंडातून, तोंड लागलेलं, आणि चेन ओढायचा पत्रा आतल्या बाजूला. बाहेरून हात पोचायला जागाच नाही. मी ओढते, तू ओढतेस, मी बोटं घालते, पिशवी गोल गोल फिरते. आख्खी येष्टी बघायला लागली.

पुढच्या बाकावरचे एक आबा मान वळवून म्हणाले, "काय गं पोरींनो, आडवं आलंय का?"

कंडक्टर म्हणाला, "आबा, गप बसा. बाळंतपणात बाप्यांनी बोलायचं नसतं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तू मात्र अंबाड्यातला आकडा काढलास, चेनच्या पाठीवर टेकवलास आणि बाहेरून मागं मागं ढकलत गेलीस. चार दात उघडले, मग बोट गेलं, मग हात गेला, आणि पिशवी फटकन सरळ झाली. आबा म्हणाले, "सुईण हुशार हाय." पुढं कितीदा तरी, कुणी माझं कौतुक केलं की तू हळूच म्हणायचीस, "व्हय, पण सुईण लागती तिला."

बरं. ती चेनची पिशवी कडीला टांगली.

पुढच्या बाजाराला ती परत आली ती अडकलेली. अर्धी लागलेली चेन, आणि दातांत निळ्या कापडाचा तुकडा, पांढऱ्या ठिपक्यांचा. कात्रीनं कापलेला. मी म्हटलं, गेली चेन. पोरीनं फ्रॉक अडकवून घेतला आणि म्हातारीनं फ्रॉक कापून पोरगी सोडवली. मी ओढून काढायला लागले, तर तू माझ्या हातावर चापट मारलीस.

तिथंच कोपऱ्यावर, कुणाच्या तरी बंद दुकानाच्या ओट्यावर, तू ती पिशवी डोळ्यांपाशी नेलीस. तो फ्रॉकच्या खालच्या काठाचा तुकडा होता. वर विटलेला निळा, मग एक रेघ, आणि रेघेखाली गडद, कोरा निळा. रेघेवर जुन्या टिपेची बारीक भोकं.

"काठ उसवून सोडलाय गं," तू म्हणालीस. "एवढा." आणि बोटाची दोन पेरं दाखवलीस. "माझी विमी एवढी वाढली."

तू तुकडा उलटा केलास. नवीन काठ हातानं घातलेला होता, बारीक, एकसारखा, जीव लावून. तू त्या टाक्यांवरून बोट फिरवत राहिलीस. "डोळं गेल्यात म्हातारीचं. तरी बघ कसा घातलाय." त्या दिवसापासून तू तिला एकदाही शिवी दिली नाहीस. मी देत राहिले, तू ऐकून घेत नव्हतीस. ती चेन तू पुढं कधी सोडवली नाहीस आणि दुसरी कधी वापरलीही नाहीस. मी म्हणायचे चेन चांगली होती, फ्रॉकच मध्ये आला. तू म्हणायचीस, "तुझी चेन माझ्या पोरीला चावली." यावर आपण किती वर्षं भांडलो! आणि खरं म्हणजे त्या चेनवर तुझा मुळीच राग नव्हता. हे मला कळत होतं आणि तरी मी भांडत होते, कारण तू भांडणात असलीस की बरी असायचीस.

मग एक दिवस म्हातारी स्वतःच आली. दौंडच्या स्टँडवर उतरली, विचारत विचारत आपल्या लायनीत. एका हातात काठी, एका हातात विमल. सासरा मागच्या पावसाळ्यात गेलेला. "दिसत न्हाई आता," एवढंच म्हणाली. "सांभाळ तुझी तू."

विमल काही तुझ्याकडं येईना. आजीच्या निऱ्या धरून उभी. गळ्यात तुझी पिशवी, हुकाची, शेवटची. तू खाली बसलीस. हात पुढं केला नाहीस, मी बघत होते. म्हणालीस, "पिशवी झ्याक हाय गं."

पोरगी म्हणाली, "आजीनं आणलीया. बाजारातनं. लई आणल्यात आजीनं मला."

मी तोंड उघडलं. तू माझ्याकडं असं बघितलंस, की मी ते मिटलं. म्हातारीची मान खाली. तू म्हणालीस, "व्हय? गुणाची हाय तुझी आजी. च्या घेती का इचार तिला."

म्हातारी च्या प्यायली. गेली. पुढं वर्षभरात खरीच गेली.

संध्याकाळी नळावर आपलं जुंपलं. मी म्हटलं, पोरगी तुला परकी समजते, सांग तिला. तू घागर आपटलीस. "काय सांगू? तुझी आजी खोटं बोलायची? बाप न्हाई तिला, आजा गेला. एक आजी हाय. ती पण काढून घ्यू? बोललीस तर बेबे, तुझं माझं तोंड बघायचं बंद." आणि माझ्याकडून शब्द घेतलास, नळाच्या पाण्यावर हात ठेवून.

मला वाटलं, वर्षभरानं सांगशील. मग वाटलं, पोरगी न्हातीधुती झाल्यावर. लग्नात. बाळंतपणात. विमल तुझ्याशी बोलता बोलता मध्येच ताठ व्हायची, तेव्हा मला जिभेवर निखारा ठेवल्यासारखं व्हायचं. परवा परवा, तू आजारी पडायच्या आधी, लसूण सोलता सोलता मी म्हटलं, आता तरी. तू म्हणालीस, "आता कशाला? आता ती सोताच आजी झालीया. आजीच्या फोटूला हार घालती, तवा लई ब्येस दिसती." आणि पाकळी तोंडात टाकलीस. कच्ची. तुझ्यासारखी हट्टी बाई मी बघितली नाही.

पण चांगुणे, तू गेलीस. राग तिच्यापाशी राहिला आणि कारण माझ्यापाशी. माझं वय बघ. मी पण निघाले, तर विमलला कुणी सांगायचं? तुझा शब्द पाळायचा म्हणजे तुला तशीच राहू द्यायची, पोरीला टाकून गेलेली. ते मला जमायचं नाही. याद राख म्हणायचं तर म्हण. आता कुठून तोंड बघणं बंद करणार आहेस?

*

विमल येऊन गेली.

मी सांगितलं. वाईट सांगितलं, चेनपासूनच सुरुवात केली, मग मागं गेले, मग पुढं, तिला काही कळेना. मग ती म्हणाली, "मावशी, थांब. निळा फ्रॉक? पांढरे ठिपके?" मी हो म्हटलं. "मी कुठं अडकवला? आजीनं सांगितलं होतं उंदरानं कुरतडला," ती म्हणाली. आणि हसली, आणि हसता हसता तिचं तोंड वेडंवाकडं झालं, आणि मग आम्ही दोघी बराच वेळ काही कामाच्या राहिलो नाही.

मी घाबरले होते तुझ्या त्या एका गोष्टीला, की तिची आजी आपण काढून घेऊ. ती डोळे पुसून म्हणाली, "म्हणून आजी तसं करायची होय."

"कसं?"

"बाजाराच्या आदल्या दिवशी मला मांडीवर बसवायची. पिशवीत शेंगा नाहीतर बोरं टाकायची आणि म्हणायची, लाव. तुज्या हातानं लाव. वाकडं लागलं की काढायला लावायची, परत लाव म्हणायची. बटण काजात जाईपर्यंत सोडायची नाही. मी एकदा चिडले. म्हटलं, मला खेळायला जायचंय, तूच लाव की. तर म्हणाली, माझ्या हाताचं तिथं काय काम?"

मी तिला तेच परत सांगायला लावलं. दोनदा.

म्हातारीला ठाऊक होतं गं, चांगुणे. तू गाठी वाचतेस हे तिला ठाऊक होतं, आणि दर बाजाराला ती तुला पोरीच्या हातचं पाठवत होती, सोडून परत लावायला सांगून. तो निळ्या फ्रॉकचा काठही तिनंच कापून चेनच्या दातांत घातला असणार. तू समजत होतीस की त्या दाराआडून तू चोरून घेतेस.

विमलला येष्टीत बसवून आले. घरात पाय ठेवला नाही, तशीच वळले आणि झपाझप तुझ्या घराकडं निघाले. गुडघे दुखत होते ते विसरले. तुझ्या दारात उभी राहून, हे ऐक, हे आधी ऐक, म्हणून हाक मारायला तोंड उघडलं, तेव्हा तुझ्या भाच्याच्या सूनबाईनं बाहेर येऊन विचारलं, "कोण पायजे, आजी?"